सभासद नसलेला माणूस

ईरा आणि निहार,

गेल्या महिन्यात फोनवर तुम्ही दोघांनी एकदमच विचारलंत, “आजी, बाबा म्हणतो तू पायरेट होतीस. खरं का?” मी “नंतर सांगते” म्हणून फोन ठेवला. खरं उत्तर ‘हो’ असं होतं, आणि नुसतं ‘हो’ म्हणून परदेशातला फोन ठेवून देणं मला बरं वाटेना. आता आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाने दिवाळी अंकासाठी नोकरीतल्या आठवणी मागवल्या आहेत. बाकीचे बँक, रेल्वे, शाळा यांबद्दल लिहितील. मी तुमच्या प्रश्नाचं उत्तर लिहिते. तुम्हांला मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून सोपं आणि क्रमाने लिहीन. माणसांची नावं बदलली आहेत. ती सवय जुनी आहे.

मी व्यवसायाने ग्रंथपाल. मुंबईतल्या एका कॉलेजात एकवीस वर्षं काम केलं. मग आजोबांनी वाशीत तळमजल्यावरचा फ्लॅट घेतला आणि मी नोकरी सोडली. घराला बंदिस्त गॅलरी होती, तिला वेगळं दार होतं. त्यात मी तीन कपाटं लावून ‘परिमल वाचनालय’ उघडलं. तेव्हाची वाशी म्हणजे एकसारख्या इमारती, मध्ये गुडघाभर गवत आणि आपली इमारत कोणती हे ओळखू न येणारी माणसं. पहिल्या दोन महिन्यांत माझ्या दारात जेवढे लोक आले त्यांतले निम्मे पत्ता विचारायला आले होते.

एके दिवशी वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ बदली होऊन जाताना मला एक खोकं देऊन गेले. आत चौदा पुस्तकं आणि सोळा कॅसेटी. गाण्याच्या नव्हेत, व्हिडिओ गेमच्या. तुम्ही ज्याला कन्सोल म्हणता त्याचा पणजोबा म्हणजे आमचं ते मशीन: एक करडा डबा, दोन वायरवाले रिमोट आणि वर एक खाच. खाचेत हाताच्या पंजाएवढी प्लास्टिकची कॅसेट खोचायची, मग टीव्हीवर खेळ येई. नाही आला तर कॅसेट काढून तिच्या तोंडात जोरात फुंकर मारायची. हा उपाय कोणत्याही पुस्तकात नव्हता, पण सगळ्या वाशीला ठाऊक होता.

ग्रंथपालाने देणगी नाकारायची नसते. मी सोळाही कॅसेटींना दाखल-क्रमांक दिले आणि कपाट क्रमांक तीनमध्ये लावल्या. दुसऱ्या दिवशी दारात रांग लागली. रांगेतल्या एकालाही चौदा पुस्तकांपैकी एकही नको होतं.

पुढे मी स्वतः मुंबईच्या एका गल्लीत जाऊन आणखी कॅसेटी आणल्या. हे मात्र देणगी म्हणून खपवता येणार नाही. कॅसेटींवर प्रकाशक नव्हता, लेखक नव्हता, साल नव्हतं. नक्कल होती हे मला कळत होतं. मी तालिका-पत्रावर, म्हणजे वाचनालयाच्या यादीतल्या त्या कॅसेटीच्या कार्डावर, ‘लेखक: अज्ञात’ असं लिहिलं आणि मनाची समजूत घातली की अज्ञात लेखकाला मानधन पाठवायचं तरी कुठे?

पण नोंद चोख ठेवली. एका कॅसेटीवर ‘९९९ इन १’ असं सोनेरी अक्षरांत छापलं होतं. मी दोन दुपारी मशीनसमोर बसून ती तपासली. आत सात खेळ होते. आठवा खेळ म्हणजे पहिलाच, फक्त तिसऱ्या टप्प्यापासून सुरू होणारा. नववा म्हणजे दुसराच, फक्त माणसाचा शर्ट हिरवा. मी पत्रावर लिहिलं: ‘लेबलावर ९९९, प्रत्यक्षात ७.’ चोरीच्या मालातही गिऱ्हाइकाची फसवणूक होऊ नये, असं मला वाटायचं.

सभासदही तऱ्हेतऱ्हेचे. शहाबेन होत्या. त्या दर वेळी म्हणायच्या, “बेन, मारामारी नको. कोणी मरायला नको.” मी त्यांच्यासाठी कॅसेटींवर ‘हिंसा: नाही’ अशा हिरव्या चिठ्ठ्या लावल्या. मोटारींच्या शर्यतीचा खेळ त्यांना दिला, तर तिसऱ्या दिवशी परत. “काय झालं?” मी विचारलं. “छेल्ला राउंडमधे, एकदम लास्टला, रस्त्यावर कुतरा येतो,” त्या म्हणाल्या, “माझा मुलगा गाडी थांबवतो. म्हणून रोज हारतो.” मी चिठ्ठी बदलून ‘हिंसा: क्वचित’ अशी केली.

आणि आप्पा होते. आप्पा कारखानीस, आमच्या सोसायटीचे अध्यक्ष, सरकारी खात्यातून निवृत्त. सोसायटीच्या फळ्यावर त्यांच्या अक्षरात कायम एक सूचना असे: ‘व्हिडिओ गेममुळे उगवती पिढी बरबाद होत आहे. पालकांनी सावध राहावे.’ हे आप्पा दुपारी दोनला, सगळी इमारत झोपलेली असताना, कापडी पिशवी घेऊन यायचे. वर एखादं चरित्र आणि खाली एक कॅसेट. “शत्रूचा अभ्यास करतोय, बाई,” ते म्हणायचे. अभ्यास दीड वर्ष चालला होता. मशीन त्यांनी इंदूरच्या नातवासाठी म्हणून घेतलं होतं. नातू मे महिन्यात येऊन गेला, मशीन बेडरूमच्या कपाटात राहिलं.

आता देवघेवीची पद्धत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. कॉलेजात आम्ही वापरायचो तीच मी इथे ठेवली. प्रत्येक सभासदाला जाड कागदाचं, खिशासारखं उघडणारं एक तिकीट, त्यावर त्याचं नाव. प्रत्येक पुस्तकाचं एक कार्ड. पुस्तक नेलं की पुस्तकाचं कार्ड सभासदाच्या तिकिटात घालायचं आणि ते तिकीट माझ्या लाकडी ट्रेमध्ये तारखेप्रमाणे उभं करायचं. पुस्तक परत आलं की कार्ड पुस्तकात आणि तिकीट सभासदाच्या हातात. मी कुठेही काही लिहीत नाही. आज कोणाकडे काय आहे ते ट्रे सांगतो. काल कोणाकडे काय होतं ते कोणीच सांगू शकत नाही. वाचकाने काय नेलं हे तिसऱ्याला सांगायचं नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. ती पद्धत तो नियम माझ्या स्मरणशक्तीच्या भरवशावर ठेवत नाही.

एवढी शहाणी मी, आणि चूक माझ्याच व्यवस्थितपणाने झाली.

त्या सुमारास एका कंपनीने नवं मशीन काढलं. दिसायला छान, पण आत एक कुलूप: एक छोटी चिप, जी फक्त कंपनीच्याच कॅसेटी चालू द्यायची. कंपनीची एक कॅसेट म्हणजे मध्यमवर्गीय घराचा महिन्याचा किराणा. तरी लोकांनी मशीन घेतलं, कारण जवळच्या शिरवणे गावातले कृष्णा म्हात्रे ते कुलूप दहा मिनिटांत उघडून द्यायचे. त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. ते त्या चिपचा चौथा पाय बारीक कात्रीने कापायचे. पाय कापला की चिप निमूट बसायची आणि मशीन कोणतीही कॅसेट घ्यायचं.

मशीनसोबत एक वॉरंटी कार्ड यायचं. लोक ते फेकून द्यायचे. मला हे बघवेना. मी नियम केला: आधी वॉरंटी कार्ड भरायचं, मगच कॅसेट. लोक कंटाळा करत, म्हणून मीच भरून द्यायचे. नाव, पत्ता, व्यवसाय, उत्पन्न, घरात माणसं किती, त्यांची वयं, सगळं विचारून, सुवाच्य अक्षरात. शेवटचा रकाना होता: ‘आमच्या उत्पादनाची माहिती आपणांस कोठून मिळाली?’ तिथे मी प्रामाणिकपणे लिहायचे, ‘परिमल वाचनालय, वाशी.’ पत्त्यासकट. अशी एकतीस कार्डं मी स्वतः पेटीत टाकली.

एकट्या आप्पांनी कार्ड भरू दिलं नाही. “माझं वय कंपनीला कशाला हवं?” ते म्हणाले. मला तेव्हा ते आडमुठे वाटले, पण अध्यक्षांना नियम लावायचा धीर झाला नाही, कॅसेटी देत राहिले. आमच्या सगळ्यांत तेवढाच एक माणूस शहाणा होता.

काही महिन्यांनी कंपनीचा माणूस दारात आला. पाठक नावाचा तरुण, टाय लावलेला, हातात गुच्छ आणि बगलेत भिंतीवरचं मोठं घड्याळ.

“मॅडम, तुमचा सत्कार करायचाय,” तो म्हणाला. “पूर्ण मुंबईत एकाच रेफरन्सने एकतीस मशीनं कुठेच नाही गेली. हेड ऑफिस एकदम खूश आहे.”

मी त्याला बसवलं, सरबत दिलं. तो म्हणाला, “फक्त एक टेन्शन आहे. एकतीस मशीनं, पण आमची कॅसेट एकही नाही खपली वाशीत. लोक खेळतात काय मग?” असं म्हणत त्याने मान वळवली आणि त्याला कपाट क्रमांक तीन दिसलं. दाखल-क्रमांक, रंगीत चिठ्ठ्या, वर्णानुक्रम. तो उठून जवळ गेला.

“मॅडम, हे सगळं डुप्लिकेट आहे.”

“हो,” मी म्हटलं. “तालिकेत तसं नमूद आहे.”

“आणि आमच्या मशीनवर चालतं?”

“चालतं.”

“म्हणजे आतला पाय कापलाय! कोणी कापला?”

“ज्यांची मशीनं त्यांनी कापून घेतला. त्यांनी पैसे देऊन घेतलेली वस्तू आहे.”

“मशीन त्यांचं असेल, गेम आमचा आहे,” तो म्हणाला. मग जरा शांत होऊन त्याने विचारलं, “मॅडम, कॉलेजात असताना कोणी अख्खं पुस्तक झेरॉक्स करायला मागितलं, तर तुम्ही द्यायचात?”

मी नाही द्यायचे. एका प्रकरणाच्या वर कधीच नाही, प्राध्यापक रागावले तरी नाही. त्या मुलाने मला एका वाक्यात धरलं होतं, आणि ते वाक्य बरोबर होतं.

पण पुढचं त्याचं मागणं बरोबर नव्हतं. “मला फक्त नावं द्या,” तो म्हणाला. “कोण काय नेतं. तुमच्यावर काही येणार नाही. आम्ही घरोघर जाऊन मशीन उघडून बघणार. पाय कापला असेल तिथे नोटीस.”

“कपाट माझं आहे, त्याचा जाब मला विचारा,” मी म्हटलं. “नावं मिळणार नाहीत.”

“मग पोलीस कम्प्लेंट करावी लागेल.”

“करा.”

गुच्छ तो विसरून गेला. घड्याळ आठवणीने घेऊन गेला.

पुढच्या बुधवारी सकाळी पोलीस चौकीतून फोन आला. “बाई, मी सब-इन्स्पेक्टर जगदाळे बोलतोय. तुमच्याकडे टीव्ही हाय ना?”

“आहे. का?”

“न्हाई, उद्या अकराला तुमच्यावर छापा हाय. कॅसेटी चालवून बघाव्या लागणार पंचनाम्याला. आमच्याकडं टीव्ही न्हाई. तेवढा रिकामा ठेवा.”

मी “बरं” म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

फोन ठेवला आणि ट्रेकडे पाहिलं. ट्रेमध्ये बत्तीस तिकिटं उभी होती. एकतीस घरं आणि आप्पा. सगळ्यांची नावं, प्रत्येकाच्या पोटात तो काय खेळतो त्याचं कार्ड. त्यांत सरकारी नोकर होते, एक शिक्षिका होती, लग्न ठरलेली एक मुलगी होती. उद्या अकराला हा ट्रे जगदाळ्यांच्या हातात आणि तिथून पाठकच्या हातात जाणार होता.

आजोबा म्हणाले, “तिकिटं फाडून टाक.”

“तिकीट फाडलं तर नेलेली कॅसेट कोणाकडे आहे ते कसं कळेल?”

“मग तांदळाच्या डब्यात लपव.”

“आणि विचारलं, तर खोटं बोलू?”

आजोबांनी हात जोडले. पण पद्धतीतच उत्तर होतं. कॅसेट परत आली की तिकीट सभासदाकडे जातं आणि ट्रे आपोआप रिकामा होतो. मला काहीच लपवायचं नव्हतं, फक्त सगळा माल परत बोलवायचा होता. मी फळ्यावर, आप्पांच्या सूचनेखाली, लिहिलं: ‘परिमल वाचनालय. वार्षिक मोजणीसाठी कपाट क्र. ३ मधील सर्व साहित्य आज रात्री आठपर्यंत परत करावे.’ आणि फोन असलेल्यांना फोन केले.

दिवसभर माणसं येत होती. मी कार्ड काढत होते, तिकीट परत देत होते, कॅसेट कपाटात लावत होते. आजोबा दारात उभे राहून बघत होते. शेवटी म्हणाले, “तुझ्या लक्षात येतंय ना? उद्या पोलीस येणार, आणि तू अख्ख्या सेक्टरमधला चोरीचा माल आपल्या घरात गोळा करते आहेस. तोही क्रमवार.”

लक्षात येत होतं. पण पर्याय दुसरा दिसत नव्हता.

आठ वाजता कपाटात सत्तावन्न कॅसेटी होत्या आणि ट्रेमध्ये एकच तिकीट. आप्पा पुण्याला लग्नाला गेले होते, गुरुवारी सकाळी परतणार होते.

गुरुवारी बरोबर अकराला जगदाळे, एक हवालदार आणि पाठक आले. पोलीस एखाद्या ठिकाणचा माल जप्त करतात तेव्हा त्या प्रकरणाशी संबंध नसलेली दोन प्रतिष्ठित माणसं साक्षीला ठेवतात. त्यांना पंच म्हणतात. त्यांच्या सह्यांशिवाय त्या कागदाला कोर्टात वजन राहत नाही. एक पंच स्टेशनजवळचा पानवाला तिवारी होता. त्याला वाटेत धरून आणलं होतं. “आणि दुसरे हे,” जगदाळे म्हणाले. “तुमच्या सोसायटीचेच अध्यक्ष. गेटवर टॅक्सीतून उतरत होते, म्हटलं चला.”

मागे आप्पा उभे होते. कोट, टोपी आणि खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग ट्रेमधल्या एकुलत्या तिकिटाकडे पाहिलं. मी उठून ट्रेसमोर उभी राहिले.

काम सुरू झालं. जगदाळे सांगत, हवालदार लिहीत. “कॅसेट क्रमांक एक. तीमध्ये नऊशे नव्व्याण्णव खेळ. पंच, इथं सही करा.”

तिवारीने केली. आप्पांनी पेन हातात घेतलं आणि ते तसंच धरून राहिले.

“काय झालं, साहेब?”

“हे असत्य आहे,” आप्पा म्हणाले. “यात नऊशे नव्व्याण्णव नाहीत.”

“लेबलवर लिहिलंय की.”

“लेबलवर काहीही लिहितील. मी पंच आहे. मोजून घ्या.”

पाठक उसळला. “प्रत्येक गेम वेगळा आहे, सर! प्रत्येकाचं वेगळं कॉपीराइट!” त्याला नऊशे नव्व्याण्णव चोऱ्या हव्या होत्या.

मी म्हटलं, “सात आहेत. तालिकेत बघा. आठवा म्हणजे पहिल्याचाच तिसरा टप्पा.”

“आरोपीचं कसं धरायचं?” जगदाळे म्हणाले. “पहिला खेळ तिसऱ्या टप्प्यापर्यंत नेऊन दाखवा, मग मानतो. हवालदार, बसा.”

हवालदार वही ठेवून टीव्हीसमोर बसले. टोपी काढली, रिमोट घेतला आणि पहिल्याच खड्ड्यात पडून मेले. पुन्हा बसले, पुन्हा मेले. मग जगदाळे बसले. त्यांना कासवाने मारलं. पाठकला खेळता येईल असं सगळ्यांना वाटलं. तो लाल होऊन म्हणाला, “मी सेल्समध्ये आहे.” तो सर्वांच्या आधी मेला.

“साहब, मेरा दुकान बंद पड़ा है,” तिवारी म्हणाला.

आप्पा मागे उभे होते. हवालदारांचा चौथा प्रयत्न चालू झाला तेव्हा त्यांच्या तोंडून हळूच निघालं, “आता उडी.” मग, “अहो, आता! आधी नाही, आता!” मग, “अरे काय माणूस आहे!”

आणि ते कोटासकट खाली मांडी घालून बसले. हवालदारांच्या हातून रिमोट घेतला. मी दीड वर्ष त्यांना कॅसेटी दिल्या होत्या, पण खेळताना कधी पाहिलं नव्हतं. पाठ ताठ, चेहरा देवपूजेला बसल्यासारखा, आणि दोन अंगठे असे चालत होते की ते त्यांचे वाटतच नव्हते. पहिला टप्पा संपला. दुसऱ्यात ते एका अशा पाइपात शिरले जो मला माहीतही नव्हता. तिसरा टप्पा आला. जगदाळ्यांनी आठवा खेळ लावून पाहिला. तोच.

“सातच हायती,” जगदाळे म्हणाले. मग त्यांनी आप्पांकडे वळून विचारलं, “साहेब, तुम्हाला हे कसं येतं?”

आप्पा उठले. गुडघे झटकले. मला वाटलं आता ते इंदूरच्या नातवाचं नाव घेतील. घेतलं असतं तर कोणी काही म्हटलं नसतं. त्यांनी पिशवीतून चरित्र काढून टेबलावर ठेवलं आणि त्याच्याखालून कॅसेट काढली.

“बाई, परत घ्या,” ते म्हणाले. “आणि माझं तिकीट द्या.”

मी ट्रेमधलं तिकीट उचललं, कार्ड काढून कॅसेटला लावलं, तिकीट त्यांच्या हातात दिलं. पाठकने हात पुढे केला, “दाखवा ते.” आप्पांनी तिकीट कोटाच्या आतल्या खिशात टाकलं. “हे माझं आहे,” ते म्हणाले.

ट्रे रिकामा झाला. पण जगदाळ्यांनी कपाळावर हात मारला. “साहेब, तुम्ही गिऱ्हाईक निघाला! गिऱ्हाईक पंच कसा चालंल? कोर्टात पहिल्याच तारखेला फाटंल कागद. हवालदार, दुसरा पंच आणा.”

हवालदार बाहेर गेले. आता हे लक्षात घ्या, मुलांनो, की आपल्याकडे पंच व्हायला कोणीही तयार नसतं. एकदा सही केली की पुढची कित्येक वर्षं कोर्टाच्या तारखा. पण नाही कसं म्हणायचं, हा प्रश्न असतो. त्या दिवशी आप्पा पंचातून सुटले ते कसे, ही बातमी हवालदारांच्या आधी जिन्याने वर गेली.

पहिल्या मजल्यावरचे जोशी आले. “तुम्ही या वाचनालयाचे सभासद आहात का?” जगदाळ्यांनी विचारलं.

“आहे ना!” जोशी म्हणाले. “पक्का सभासद. रोजचा.” जोशींनी आयुष्यात माझ्या दारात पाऊल टाकलं नव्हतं.

मग दुसऱ्या इमारतीतल्या दोन बहिणी आल्या, दोघी सभासद. पेपरवाला सभासद. सत्यनारायणाची पूजा सांगून निघालेले भटजी, पिवळा पितांबर नेसलेले, तेही सभासद. “कोणता खेळ आवडतो, गुरुजी?” जगदाळ्यांनी विचारलं. गुरुजींनी पितांबर सावरला. “सगळेच,” म्हणाले.

पाठक सुरुवातीला आनंदाने नावं लिहून घेत होता. ज्या नावांसाठी त्याने हा खटाटोप केला ती माणसं आपण होऊन दारात येऊन सांगत होती. वीसेक नावांनंतर त्याचं पेन मंदावलं. त्यात खऱ्या सभासदांचीही नावं होतीच, शहाबेनसुद्धा येऊन सांगून गेल्या. पण खरा कोण आणि खोटा कोण हे त्याला कळायला काही मार्ग नव्हता.

“गावातला माणूस आणा,” जगदाळे ओरडले. “इथला नको. शिरवण्याहून आणा.”

हवालदार सायकलवरून गेले आणि पाऊण तासाने कृष्णा म्हात्र्यांना घेऊन आले.

“तुम्ही तरी सभासद नाही ना?”

“नाय, मी कनाला?” म्हात्रे म्हणाले. “मी त पाय कापतो.”

पाठक उठून उभा राहिला. “हाच तो! साहेब, लिहून घ्या!”

म्हात्र्यांनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “काय लिवाचा तो लिव. मशीन त्यांनी इकत घेतलाय. उंद्या तू खुर्ची इकशील न सांगशील का हिच्यावर आमचेच मानसानी बसाचा. बसल का कोन?”

“खुर्ची वेगळी! गेम बनवायला माणसं लागतात, वर्ष-वर्ष लागतं!”

“मंग ती कॅसेट गरिबाला परवरंल अशी इक ना, बाबा,” म्हात्रे म्हणाले. “मना पाय कापाची हौस हाय का?”

मी दोघांकडे पाहत होते आणि मला दोघांचंही पटत होतं. आजही पटतं. तुम्ही तिकडे यावर शिकलात तर मला निकाल कळवा.

जगदाळे घामाघूम होऊन स्टुलावर बसले. त्यांनी टोपी काढली आणि अगदी हात टेकल्यासारखं मला विचारलं, “बाई, तुमीच सांगा आता. तुमच्या सभासदांची नावं न्हाई विचारत मी. उलटं विचारतो. ह्या सेक्टरात सभासद कोण न्हाई? तसला एक माणूस द्या मला. एकच.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. जोशी दारात होते. त्यांचा चेहरा उतरला. मी फक्त ‘जोशी’ म्हटलं असतं तर ते खरंही झालं असतं आणि पंचही मिळाला असता.

“ते सांगता येणार नाही,” मी म्हटलं.

“का?”

“कोण नाही ते सांगितलं की कोण आहे ते कळतं. आज एकाचं सांगितलं तर उद्या दुसऱ्याचं विचाराल. शेवटी राहतील ते सभासद.”

जगदाळ्यांनी उठून टोपी घातली. मग हवालदारांच्या हातातला कागद घेऊन त्याची घडी घातली. “पाठकसाहेब, पंच मिळाल्यावर फोन करा,” ते म्हणाले. “तुमचं आन् बाईंचं आपसात बघा.” तिवारी तर परवानगी न मागताच पळाला.

पाठक एकटा राहिला. त्याचा टाय सैल झाला होता. “मॅडम, मला हेड ऑफिसला काहीतरी दाखवावं लागेल,” तो म्हणाला. “नाहीतर माझी नोकरी जाईल.” त्याच्या वहीत भटजींचं नाव होतं.

मी कपाट क्रमांक तीन उघडलं. मला कोणी सांगितलं नव्हतं, कायद्याने भागही पाडलं नव्हतं. पण त्याचं झेरॉक्सचं वाक्य मला आठवडाभर टोचत होतं. “नावं नाहीत,” मी म्हटलं. “या घेऊन जा. आणि कोणाच्या घरी जाऊन मशीन उघडायचं नाही, असं लिहून द्या.” त्याने लिहून दिलं. अठ्ठावन्न कॅसेटी मी दाखल-क्रमांकाप्रमाणे मोजून दिल्या आणि प्रत्येक क्रमांकासमोर त्याची सही घेतली. त्याला तासभर लागला. मध्येच तो म्हणाला, “मॅडम, एवढा नीट ठेवलेला डुप्लिकेट माल मी कुठेच बघितला नाही.” मला ते ऐकून बरं वाटलं, याची मला अजून लाज वाटते.

संध्याकाळी पाचला नेहमीप्रमाणे दार उघडलं. मोजणी संपली असेल म्हणून रांग लागली होती. सगळ्यांच्या हातात तिकिटं होती. मी सांगितलं की कपाट क्रमांक तीन बंद झालं, पुस्तकं आहेत. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एकेक जण निघून गेला. कोणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं.

रांगेच्या शेवटी आप्पा उभे होते. दुपारी दोनला नाही. भर पाच वाजता, सगळ्यांसमोर, पिशवीशिवाय. त्यांना बातमी आधीच कळली असावी, पण ते मागे फिरले नाहीत. तिकीट माझ्यासमोर ठेवून म्हणाले, “मग एखादं चरित्र द्या, बाई. जाडसं.”

मी दिलं. पंधरा दिवसांनी ते परत आलं. मी कार्ड लावायला पुस्तक उघडलं तेव्हा नव्या पुस्तकाची पानं चिकटलेली असतात तशी ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चिकटलेली होती. “छान होतं,” आप्पा म्हणाले. “छानच आहे,” मी म्हटलं. वाचकाने काय वाचलं आणि काय वाचलं नाही, हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. आप्पांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. हे तुम्हां दोघांनाच सांगते आहे, आणि अंक छापून येईपर्यंत तरी कोणाला बोलू नका.